एका वर्षाला एक सेंटिमीटर

ताराबाईंचा जन्म १६७५ चा आणि मृत्यू डिसेंबर १७६१ मधला. शिवाजी महाराज हयात असताना जन्मलेल्या मुलीने म्हातारपणी पानिपतची बातमी ऐकली, असे मी चारचौघांत बोलून गेलो की इतिहासाचे चांगले वाचन असलेली माणसेही एकदा बोटांवर हिशेब करून बघतात. दोन्ही सने त्यांना पाठ असतात. ध्यानात आलेले नसते ते एवढेच, की ही दोन सने एकाच आयुष्यात मावतात. हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी आपल्या डोक्यात शिवकालाच्या शेवटच्या प्रकरणात बसलेली असते, पानिपतचे सदाशिवरावभाऊ पेशवाईच्या मधल्या प्रकरणात, आणि या दोन प्रकरणांतल्या माणसांची कधी गाठ पडली असेल असे मनातही येत नाही. प्रत्यक्षात साताऱ्याच्या गादीवरून ताराबाई आणि नानासाहेब पेशवे यांचे चांगलेच वाजले होते.

हे मलाही उमगले ते कागदावर रेघ ओढल्यावर. आमच्या घराच्या पॅसेजमध्ये मी ग्राफपेपरचा रोल आडवा चिकटवला आहे. नियम एकच: एका वर्षाला एक सेंटिमीटर, आणि तो कुठेही मोडायचा नाही. डावीकडची सुरुवात ज्ञानेश्वरांच्या जन्मापासून, शके ११९७ म्हणजे इ.स. १२७५ पासून. तिथून आजपर्यंत साडेसात मीटर कागद लागतो. भिंत तेवढी लांब नाही, त्यामुळे कागद कोपऱ्यात काटकोनात वळतो आणि हे वळण नेमके पेशवाईतल्या बारभाईंच्या कारस्थानाच्या सुमाराला येते. (यात कसलाही अर्थ शोधू नये, बिल्डरने भिंत तेवढीच बांधली.) पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली अजिंठ्याची लेणी याच मापाने दाखवायची म्हटली तर कागद डावीकडे आणखी आठ मीटर न्यावा लागेल, म्हणजे शेजाऱ्यांच्या हॉलमधून पार पलीकडे. त्याच डोंगरातला सातवाहनांच्या काळचा पहिला टप्पा त्यांच्याही गॅलरीबाहेर हवेत लटकेल. शाळेच्या सहलीत अजिंठा, वेरूळ आणि दौलताबाद दोन दिवसांत उरकते, आणि मग ती तिन्ही ठिकाणे जन्मभर शेजारीशेजारीच राहतात.

कागदावर पहिल्यांदा नजर जाते ती रेघांच्या लांबीकडे. औरंगजेब ८८ सेंटिमीटरच्या पुढे जातो, ताराबाई ८६. शिवाजी महाराज ५०. संभाजी महाराज ३२, थोरले माधवराव २७. ज्ञानेश्वरांची रेघ २१ सेंटिमीटरांची, म्हणजे एक वीत. भिंतीवर हाताची वीत लावली की आयुष्य संपते. 'अवघ्या एकविसाव्या वर्षी' हे शब्द लहानपणापासून इतक्यांदा कानावर आले आहेत की त्यांचे काही वाटेनासे झाले होते. ती वीत मात्र अजून बोचते.

ही युक्ती अर्थातच माझी नाही. ऑक्सिजनच्या शोधाच्या कथेत ज्याचे नाव येते तो जोसेफ प्रीस्टली त्या शोधाच्या आधी इंग्लंडातल्या वॉरिंग्टन अकॅडमीत मास्तर होता. १७६५ साली त्याने 'चार्ट ऑफ बायोग्राफी' छापला. सुमारे तीन फूट लांब, दोन फूट उंच असा एकच कागद, त्यावर इ.स.पू. १२०० पासून इ.स. १८०० पर्यंतचा काळ आणि सुमारे दोन हजार माणसे. प्रत्येक माणसाची एक आडवी रेघ, जन्मापाशी सुरू होणारी आणि मृत्यूपाशी थांबणारी. शतकाला जेमतेम इंचभर जागा, पण ती सगळ्या शतकांना सारखी. याआधी युरोपात काळाचे तक्ते नव्हते असे मुळीच नाही. चौथ्या शतकातल्या युसेबियसपासून राजांच्या आणि राज्यांच्या समांतर रकान्यांची मोठी परंपरा होती. पण तक्त्यात बहुधा जिथे मजकूर जास्त तिथे कागद जास्त खर्च व्हायचा. प्रीस्टलीने मजकूर जवळजवळ काढूनच टाकला आणि कागद काळाच्या हवाली केला.

त्याच्या बारा वर्षे आधी पॅरिसमध्ये झाक बार्बू-दुबूर नावाच्या डॉक्टरने सारख्या मापाचाच एक कालपट केला होता. तो सोळा मीटरांहून लांब. एवढा कागद लावायचा कुठे? म्हणून त्याने तो पेटीत दोन रुळांवर गुंडाळला आणि बाजूला मुठी बसवल्या. मूठ फिरवली की काळ सरकतो. दिदरोने आपल्या विश्वकोशात या यंत्राची दखल घेतली. यंत्र गमतीचे होते यात वाद नाही, पण त्यात एक खोट होती: कुठल्याही क्षणी पेटीच्या रुंदीएवढाच काळ दिसणार. ताराबाईंच्या रेघेचे डावे टोक बघत असाल तर उजवे रुळावर गुंडाळलेले. प्रीस्टलीच्या कागदापुढे दोन पावले मागे सरून उभे राहता येते, हा त्याचा मोठा गुण. या पेटीकडे मी पुन्हा येणार आहे.

प्रीस्टलीने आपल्या माणसांचे सहा आडवे पट्टे पाडले होते. इतिहासकार, कवी आणि कलावंत, गणिती आणि वैद्य वगैरे वरती, आणि सर्वांत खाली राजकारणी आणि योद्धे. निवड करताना थोरवीपेक्षा प्रसिद्धी पाहिली, हेही तो मोकळेपणाने सांगतो. छापून झाल्यावर त्याला दिसले की खालचा पट्टा कोणत्याच काळात ओस पडत नाही. विद्या आणि कला यांच्या पट्ट्यांत मात्र शतकेच्या शतके शुकशुकाट असतो आणि मध्येच एकदम गर्दी होते. माझ्या पॅसेजमध्ये अगदी हेच झाले आहे. राज्यकर्त्यांच्या पट्ट्यात यादव संपताच दिल्लीकर, मग १३४७ पासून बहमनी, मग निजामशाही-आदिलशाही, मग भोसले. एक सेंटिमीटर रिकामा नाही. वारकरी संतांच्या पट्ट्यात नामदेवांची रेघ १३५० ला थांबते आणि एकनाथांची १५३३ च्या आसपास सुरू होते. मध्ये १८३ सेंटिमीटर. सहा फुटी माणूस आडवा झोपेल एवढी जागा.

या जागेवरून माझ्या एका मित्राशी कायमचा वाद आहे. तो हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाला. आला की पहिले बोट तिथेच ठेवतो. ''एवढा कागद कोरा का सोडलास? काहीतरी चित्र लाव की. दौलताबादचा किल्ला लाव.'' मी म्हणतो, किल्ला खालच्या पट्ट्यात आहे. ''मग ही जागा आखडून घे. मुलांना कंटाळा येतो रे मोकळ्या जागेचा.'' बहुतेक भित्तिपत्रके अशीच होतात: ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास, सारख्या अंतरावर सारख्या आकाराच्या चौकटींत. बघणाऱ्याला वाटते, दिंडीत एकामागून एक चालले आहेत. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती का करावी लागली, हे त्या चौकटींवरून कधीच कळणार नाही. कागदावर ज्ञानेश्वरांच्या समाधीपासून त्या सनापर्यंत बोट नेले की २८८ सेंटिमीटर होतात. एवढा काळ पोथी हातोहात नकलून फिरली तर पाठ बिघडणारच.

आपल्याकडे काळ लिहून ठेवण्याची जी अस्सल देशी रीत आहे, म्हणजे शकावली, तिच्यातही ही मोकळी जागा नसते. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती अभ्यासकांपुढे ठेवली. शके १५४० ते १६१९, म्हणजे १६१८ ते १६९७ असा तिचा आवाका. सुरुवात औरंगजेबाच्या जन्मापासून. शके, संवत्सराचे नाव, तिथी आणि घटना. विशेषण नाही, हळहळ नाही, जयजयकार नाही. जन्म, लढाई, मृत्यू सगळे एकाच पट्टीतल्या आवाजात. मला या कोरडेपणाचे फार आकर्षण आहे. शिवजन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी तिथेच मिळाली, परमानंदाच्या 'शिवभारता'शी ती जुळली, आणि आधी रूढ असलेली वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही तिथी मागे पडली. एवढे मोठे काम करणाऱ्या यादीचीही एक मर्यादा आहेच. ज्या वर्षी लिहिण्यासारखे काही घडले नाही, ते वर्ष यादीत जागाच खात नाही. एका ओळीखाली दुसरी ओळ येते. मध्ये महिना गेला की चार वर्षे, डोळ्याला फरक दिसत नाही.

आणि शकाचे साल इंग्रजी सालाच्या चौकटीत बसतही नाही. शके १५५१ हे वर्ष मार्च १६२९ पासून मार्च १६३० पर्यंत पसरले आहे. फाल्गुन वर्षाच्या शेवटी येतो म्हणून ७८ ऐवजी ७९ मिळवून १६३० मिळते. पण एखाद्या कागदावर नुसते 'शके १५५१' असेल, महिना नसेल, तर? कागदावर मी अशा वेळी दोन सेंटिमीटरांवर अर्धी-अर्धी पडणारी चौकट काढतो आणि पुढे जातो. त्यात युरोपीय तारखांचा घोळ वेगळाच. पोर्तुगालने १५८२ सालीच सुधारलेली दिनदर्शिका घेतली. इंग्रज १७५२ पर्यंत जुनीच चालवत राहिले, वर नवे वर्ष २५ मार्चला सुरू करत. शिवजन्माचा दिवस सुरतेच्या वखारीतल्या इंग्रज कारकुनाच्या हिशेबी १९ फेब्रुवारी १६२९ होता आणि गोव्यातल्या पोर्तुगीज कारकुनाच्या हिशेबी १ मार्च १६३०. दोघेही आपापल्या जागी बरोबर. शासनाने मान्य केलेल्या १९ फेब्रुवारी १६३० मध्ये दिवस जुन्या रीतीचा आणि साल नव्या रीतीचे आहे. तारीख की तिथी या वार्षिक भांडणात हे कुणी काढत नाही ते बरेच आहे. शक, हिजरी, शुहूर, फसली या कालगणनांच्या जंत्र्या करण्यात शंकर बाळकृष्ण दीक्षितांपासून ग. ह. खऱ्यांपर्यंत माणसांनी आयुष्ये घातली ती यासाठी.

आता कॉम्प्युटर. हे सगळे एकदा यंत्रावर चढवावे, म्हणजे भिंत आखूड पडणार नाही, असे मलाही वाटले. पहिला अडथळा दारातच. एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. त्याआधीची तारीख लिहिली की ती त्याच्या लेखी तारीख नसते, नुसती अक्षरे असतात. तिच्यातून काही वजा करता येत नाही, की मिळवता येत नाही. उलट २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस त्याला मान्य आहे. जुन्या लोटस १-२-३ या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी ती चूक जाणूनबुजून सांभाळली गेली. युनिक्स घराण्यातली यंत्रे काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. त्या हिशेबाने शिवराज्याभिषेक उणे ९३२ कोटी सेकंदांच्या पलीकडे जातो, आणि जुन्या ३२ बिटांच्या मोजणीत डिसेंबर १९०१ च्या मागे पायच ठेवता येत नाही. दोष कुणाला द्यायचा? ही यंत्रे पगार, व्याज आणि फायलींच्या नोंदी यांसाठी घडली. महाराजांच्या जन्माची सोय करणे कुणाच्या यादीत नव्हते.

तरी खास कालरेषांसाठी केलेली साधने पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही सुंदर आहेत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचे टाइमलाइनजेएस वृत्तपत्रांच्या वेबसाइटांवर तुम्ही पाहिले असेल: तक्त्यात सने आणि मजकूर भरा, कालरेषा तयार. पण पडद्याचा मोठा भाग त्या त्या घटनेच्या फोटोने आणि मजकुराने व्यापलेला असतो आणि रेषा तळाशी पट्टीएवढी उरते. बाणावर टिचकी मारली की पुढची घटना. मधली तीनशे वर्षे आणि मधले तीन महिने एकाच टिचकीत जातात. ही पुन्हा शकावलीच झाली, फक्त सचित्र. आणि बोटाने सरकवायची रेषा असेल तर ती बार्बू-दुबूरची पेटी. मुठीच्या जागी बोट आले एवढेच. अडीचशे वर्षांत फिरून आपण त्याच खिडकीशी आलो.

झूमचे मात्र मला खरोखर कौतुक वाटले होते. उल्कापाताने डायनोसॉर संपले हा सिद्धांत १९८० मध्ये मांडणाऱ्यांपैकी एक, भूशास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझ. बर्कलीतल्या त्यांच्या वर्गात बसलेल्या रोलंड साइको या विद्यार्थ्याच्या डोक्यातून क्रोनोझूमची कल्पना निघाली आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मदतीने ती उभी राहिली. विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंतचा काळ एका पडद्यावर, आणि आत आत शिरत जायचे. शिरताना मजा येते. पण तीन-चार वेळा आत गेल्यावर आपण किती आत आलो याचा अंदाज सुटतो, कारण पडदा प्रत्येक वेळी तेवढाच भरलेला दिसतो. माझ्या कागदी मापाने डायनोसॉरांचा शेवट ६६० किलोमीटरांवर येतो: पुण्यातून रस्त्याने निघालेला कागद नागपूरच्या थोडा अलीकडे संपेल. सह्याद्रीचा काळा दगडही साधारण त्याच काळचा. विश्वाचा आरंभ गाठायला पृथ्वीला तीन वेढे घालून वर आणखी कागद लागेल. पडद्यावर हाच प्रवास माउसच्या चाकाच्या काही फेऱ्यांत होतो, आणि पायांना काहीच कळत नाही.

माझा खरा खटका मात्र उडतो तो तारखेच्या रकान्यावरून. यंत्र विचारते: तारीख? तुकोबांचे उत्तर काय द्यायचे? प्रयाणाची फाल्गुन वद्य द्वितीया गावोगाव पाळली जाते. ते साल १६५० की १६४९ एवढाच मतभेद. जन्म मात्र १५९८ की १६०८ हा वाद जुना, आणि तो १५६८ पर्यंत मागे नेणारेही अभ्यासक होऊन गेले. कागदावर त्यांच्या रेघेचे उजवे टोक ठाम आहे आणि डावीकडे चाळीस सेंटिमीटर ठिपके आहेत. ही ठिपक्यांची सोयही प्रीस्टलीचीच. जन्ममृत्यू पक्के ठाऊक असतील तिथे सलग रेघ आणि अंदाज असेल तिथे ठिपके, असे त्याने चक्क छापले. माझ्या मते दोन हजार नावांपेक्षा हे ठिपके मोलाचे आहेत.

ठिपके सुरू केले आणि मग त्या १८३ सेंटिमीटरांतही हालचाल दिसू लागली. एकनाथांचे पणजोबा भानुदास तिथे ठिपक्यांनीच येतात. मंगळवेढ्याची कान्होपात्रा तिथलीच, पंधराव्या शतकातली. तिला टोके नाहीतच, नुसती एक विरळ ओळ. थोडे डावीकडे चोखोबा: मृत्यूचे साल १३३८ मिळते, जन्माचे नाही. त्यांच्या घरातली सोयराबाई अभंगांमुळे आज घराघरांत ठाऊक आहे आणि तिच्यापाशी एकही सन नाही. राज्यकर्त्यांचा पट्टा गच्च का, याचे एक उत्तर इथे आहे. त्यांच्या पदरी तारखा लिहिणारे होते. यंत्रात तारखेचा रकाना रिकामा ठेवला की ती ओळ चित्रातच येत नाही. कान्होपात्रा आणि सोयराबाई तिथल्या तिथे गळतात, आणि कुणी गळले आहे हेही बघणाऱ्याला कळत नाही.

यंत्रांना हे शिकवता येत नाही असे नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने अनिश्चित तारखा लिहिण्याची एक पद्धत बसवली: सनापुढे '~' म्हणजे सुमारे, '?' म्हणजे शंका, माहीत नसलेल्या अंकाच्या जागी फुली. २०१९ मध्ये ती तारखांच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात दाखल झाली. विकिडेटात तारीख भरताना ती दिवसापर्यंत पक्की आहे की वर्षापर्यंत की नुसत्या शतकापर्यंत, आणि जुन्या दिनदर्शिकेची की नव्या, हेही नोंदता येते. १७६५ चे ठिपके अधिकृतपणे यंत्रात यायला २०१९ उजाडले. माझ्या कागदावर हे अंतर अडीच मीटरांहून चार सेंटिमीटर जास्त भरते.

रकाना भरायचा म्हणून तारीख ठोकून देण्याची सवय कॉम्प्युटरने लावली असेही म्हणता येणार नाही. १ जून हा महाराष्ट्रात असंख्य माणसांचा कागदोपत्री वाढदिवस आहे. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्म सांगता यायचा तो 'दुष्काळाच्या साली', 'पानशेत फुटले त्या पावसाळ्यात' असा. वहीत तारीख हवी म्हणून गुरुजी १ जून लिहायचे. माझ्या मित्राने नोकरीच्या सुरुवातीला गावातल्या शाळेत असे किती १ जून लिहिले ते त्यालाही आठवत नाही. तो याबद्दल मुळीच ओशाळलेला नाही. ''पोरगं शाळेत आलं ना?'' एवढेच म्हणतो, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

रोल ड्रॉइंगचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. घराण्याचा कागद करायला घेतलात तर माप एकच ठेवा, मोकळ्या जागेत चित्रे चिकटवू नका, आणि आजोबांच्या दाखल्यावर १ जून असेल तर तिथे ठिपके द्या.